पाखरीचा डावा डोळा

कोल्हापुरात परत येऊन आठ दिवस झाले, तरी माझ्या जाकिटाच्या खिशातून अजून भुईमुगाच्या शेंगांची टरफलं निघतात. धुण्यात दोन निघाली. काल बसमध्ये सुट्ट्यासाठी खिशात हात घातला, तर आणखी एक निघालं. फेकवत नाहीत. गेले होते घोडीला शिकवायला आणि आले ही टरफलं घेऊन. तेव्हा जे झालं ते एकदा सांगूनच टाकते.

आधी माझ्या धंद्याबद्दल. मी घोडी आणि कुत्री शिकवते, न मारता. माझ्याकडे तळहातात मावेल अशी प्लास्टिकची डबी असते, तिला क्लिकर म्हणतात. दाबली की आतली पत्र्याची पट्टी 'टिक्' वाजते. जनावरानं आपल्याला हवं ते केलं की त्याच क्षणी टिक्, आणि टिक् झालं की खाऊ. एवढंच. चार दिवसांत जनावराला कळतं की टिक् म्हणजे शाब्बास. मग ते स्वतःच डोकं चालवायला लागतं, आणखी काय केलं तर ही बाई टिक् करील म्हणून. लोक हसतात. हसू देत. बारा वर्षं मी हेच करतेय आणि त्याचा मला फार म्हणजे फार अभिमान होता. तो कुठं उतरला ते पुढं येईलच.

फोन आला तो जुन्नरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांचा. शिकत असताना ते कोल्हापुरात माझ्याकडे आपलं कुत्रं घेऊन यायचे. म्हणाले, घाटघरला पाखरी नावाची घोडी आहे. डाव्या डोळ्यात काटा गेलाय, बुबुळावर जखम आहे. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायला सांगितले, तर मालकानं तीनदा वरच्या ओठाला दोरी पिळून घातले, आणि आता ती डोक्याजवळ कुणाला येऊच देत नाही. मोठ्या दवाखान्यात न्यावं तर टेम्पोत चढत नाही.

"ताई, शुक्रवारपर्यंत थेंब सुरू झाले तर डोळा राहील," ते म्हणाले. "नाहीतर काढावा लागेल."

तो रविवार होता. सोमवारी पहाटेची एसटी धरली.

घाटघर

जुन्नरच्या स्टँडवर रज्जाकभाई मोटारसायकल घेऊन उभे होते. पाखरीचे मालक ते हेच. धंदा नालबंदाचा. बैलांना पत्र्या मारायच्या, घोड्यांना नाल ठोकायचे. पन्नाशीचा, रुंद मनगटांचा, कमी बोलणारा माणूस. माझी पिशवी त्यांनी टाकीवर घेतली आणि आम्ही निघालो.

त्या रस्त्याचं काय सांगू! भाद्रपद सरत आला होता. चावंड किल्ला मागं पडला, धरणाचं पाणी एकदा डावीकडं दिसलं, एकदा उजवीकडं, आणि मग पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं तेच कळेना. त्यापुढं सगळं पिवळं. सोनकी फुलली होती. बांधावर, दगडांच्या सांदीत, लोकांच्या परसात, जिकडं बघावं तिकडं. वर जीवधनचा किल्ला धुक्यात अर्धा बुडालेला. मला मधेच असं वाटलं की मी अजून एसटीतच आहे आणि खिडकीला डोकं टेकून झोपलेय. रज्जाकभाईंनी खड्ड्यातून गाडी घातली तेव्हा जाग आली.

पाखरी तिथं लहूभाऊ म्हणून एका शेतकऱ्याकडं ठेवली होती. लहूभाऊ रज्जाकभाईंचे जुने दोस्त. पाऊस ओसरला की चांगल्या चाऱ्यासाठी ती दोन महिने डोंगरावर येते, आणि थंडीत यात्रा-जत्रा सुरू झाल्या की खाली उतरते. कारण पाखरी बैलगाड्याची घोडी. कोल्हापूरकरांना हे सांगावं लागेल. आपल्याकडं शर्यतीत बैल नुसते पळतात. जुन्नर-आंबेगावात बैलांच्या पुढं स्वार घेऊन घोडी पळते, आणि बैल तिच्या मागं. चढाच्या धावपट्टीला इथं घाट म्हणतात. घाट चढून गेलं की संपलं. मागून चार बैल अंगावर येत असताना सरळ रेषेत पळायचं, हे येरागबाळ्या जनावराचं काम नव्हे. एका डोळ्याच्या तर नव्हेच.

ती मला पहिल्यांदा दिसली ती धुक्यात. म्हणजे आधी गवत तोडल्याचा आवाज आला, मग राखी रंगाचा एक तुकडा हलला, आणि मग त्याला पाय फुटले. डावा डोळा अर्धा मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ, आणि बुबुळावर ताकाचा थेंब पडावा तसा पांढुरका डाग. आम्ही दिसताच ती मागं सरली. आम्ही थांबलो, तशी तीही थांबली. आमच्यात बैलगाडी उभी राहील एवढं अंतर तिनं ठेवलं आणि ते काही कमी होऊ दिलं नाही.

गोठ्यात खुंटीला ती दोरी टांगलेली होती. मी दोरीकडं बघितलं, ते रज्जाकभाईंनी बघितलं.

"मी काय हौसेनं पिळला का ताई?" ते म्हणाले. "डोळा वाचवायला पिळला."

मला राग आला होता, पण त्या माणसाचा आवाज असा होता की राग कुठं ठेवावा तेच कळेना.

रात्रीच्या जेवणाला लहूभाऊंच्या घरी नाचणीची भाकरी, करटुल्यांची भाजी आणि वाफाळता भात. आमच्याकडं तिखट नसलं तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. इथं भाताचा वासच असा की मी नुसता भात मीठ घालून दोनदा घेतला. लहूभाऊंनी, पावणं कोल्हापूरचं हाय का आजारी हाय, असं हळूच विचारून घेतलं.

मंगळवार

सकाळी मी माझ्या रुबाबात उतरले. कमरेला हरभऱ्याची पिशवी, हातात डबी. दहा पावलांवर उभी राहिले आणि दाबली. टिक्.

पाखरी सुटली. बिचकून बाजूला झाली असं नव्हे, बंदुकीतून सुटावी तशी सुटली. वरच्या चढाला सरळ, सोनकी तुडवत, धुक्यात गडप. घोडे कधीकधी या आवाजाला भितात, त्यावर उपाय असतो. मी डबी मोज्यात गुंडाळली, मोजा खिशात घातला, आणि ती परत खाली आल्यावर वीस पावलांवरून दाबली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती माझ्याच बाजूनं निघाली. मी मागं सरले आणि भाताच्या खाचरात पाठीवर पडले. हरभरे सगळे पाण्यात. लहूभाऊंनी हात देऊन वर काढलं, आणि हसू येऊ नये म्हणून ते जीवधनकडं बघत होते.

पण पडल्या पडल्या मला एक दिसलं होतं. चढ संपतो तिथं पाखरी थांबली होती. धापा टाकत नव्हती, थरथरत नव्हती. मान वळवून मागं बघत होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. खाली धुकं, वर ती एकटी, आणि मागून येणारं कुणीच नाही. बराच वेळ ती तशी उभी होती.

दुपारी चुलीपाशी अंग सुकवत बसले असताना लहूभाऊंनी शांतपणे विचारलं, "पावणं, तुमी तिला थांबवायला आलाय का पळवायला?"

मग त्यांनी टाळूला जीभ लावून आवाज काढला. टॉक. अगदी माझ्या डबीसारखा. शर्यतीत स्वार हाच आवाज काढतो. घाटाच्या तोंडाशी घोडी उभी असते, मागं बैल जुंपलेले असतात, स्वार टॉक करतो आणि ती सुटते. लहानपणापासून तिला हेच शिकवलेलं. "ह्यो आवाज झाला म्हंजी बैल मागं सुटलं. तिला दुसरं काय म्हाईत न्हाय."

म्हणजे ती भिऊन पळत नव्हती. ती कामाला लागत होती. दुखऱ्या डोळ्यानं, माझ्या प्रत्येक टिक्‌ला, इमानानं घाट चढत होती आणि वर जाऊन बैलांची वाट बघत होती. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. बारा वर्षांची अक्कल त्या खाचरात गेली ती गेलीच. डबी मी पिशवीच्या तळाशी घातली आणि चेन लावली.

पण आवाज तर पाहिजे. मी रज्जाकभाईंना विचारलं, हिला आवडतो असा कुठला आवाज आहे का? ज्यानं ती जवळ येते? ते कितीतरी वेळ हातातल्या काडीनं जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, घरी बायको, शमीम, दारात शेंगा फोडायला बसली की ही जिथं असेल तिथनं मान वळवते. फट् वाजलं की येते. शमीम तिला दाणे देते.

मी जवळजवळ उडालेच. अहो, मग ही घोडी शिकलेलीच आहे की! डबीच्या जागी शेंग, एवढाच फरक. म्हटलं, बोलवा ना भाभींना. त्यावर आणखी जमीन उकरणं झालं. भाभी माहेरी गेल्या होत्या, अवसरी खुर्दला. दोरी पिळली त्याच दिवशी गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, तिचा ओठ पिळलेला मी न्हाय बघणार.

"तुमी जावा," रज्जाकभाई म्हणाले. "पण माझं नाव काढू नका. घोडीचं काढा."

अवसरी खुर्द

बुधवारी सकाळची गाडी धरून खाली उतरले. जुन्नर, नारायणगाव, मंचर. डोंगरातून उतरल्यावर सगळंच फार उजेडाचं आणि फार आवाजाचं वाटत होतं, कानात बसलेलं धुकं निघत नव्हतं. मंचरला पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मासवडी खाल्ली. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचं सारण, वरून झणझणीत रस्सा. नाव ऐकून मी मासा शोधत बसले. वाढणाऱ्या बाईंनी माझ्याकडं बघून, रस्सा आणखी पाहिजे का, एवढंच विचारलं.

शमीमभाभींच्या भावाचं दुकान कॉलेजच्या रस्त्याला. एका बाजूला बांगड्या, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टची पानं काढत होती आणि त्यांच्या शेजारी एका बाईचा हात भाभींच्या हातात होता. हिरव्या बांगड्या चढत होत्या. चुडा अंगठ्यापाशी अडला की भाभी जोर करायच्या नाहीत. हात सोडायच्या, दोन शब्द बोलायच्या, हात सैल पडला की पुन्हा धरायच्या. बांगडी आपसूक आत. मी तिथंच स्टुलावर बसून बघत राहिले. असा हात मला बारा वर्षांत जमलेला नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी कोण ते सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं, खाचरात पडल्याचंही सांगितलं. भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला त्यांनी धाडलं का घोडीनं?"

"घोडीनं," मी म्हटलं.

"मग येती."

शेंगांची पिशवी त्यांनी भावाच्या घरातनं घेतली आणि चप्पल घातली. नारायणगावला गाडी बदलताना एकदा म्हणाल्या, नालबंदाचा हात आहे त्यांचा, लोखंडाची सवय झालीय. माणूस वाईट न्हाय.

घाटघरला पोचलो तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. रज्जाकभाई अंगणात उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले. भाभी त्यांच्या बाजूनं सरळ गोठ्यात गेल्या, खुंटीवरची दोरी काढली आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. ती पुरती जळेपर्यंत तिथं उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन दगडावर बसल्या आणि पिशवीतून एक शेंग काढली. फट्.

काही झालं नाही. दुसरी. फट्. आणि धुक्यातून टापांचा आवाज आला. अगदी सावकाश, एकेक पाऊल. पाखरी आली, भाभींच्या दोन हातांवर थांबली, आणि मान खाली करून नाकानं फुर्रर्र केलं. भाभी रडत होत्या. दाणे मात्र त्यांनी बरोबर तळहातावर धरले होते.

बांबूवरची हनुवटी

गुरुवारी आम्ही उजाडल्यापासून लागलो. अंगणाच्या कुंपणाला छातीएवढ्या उंचीवर बांबू आडवा होता. मी भाभींना सांगितलं, पाखरीनं हनुवटी त्यावर टेकली की फट् आणि दाणा. अर्ध्या तासात ती हनुवटी टेकून उभी राहायला लागली. मग नियम असा की हनुवटी बांबूवर आहे तोवर आपला हात पुढं जाणार. तिनं हनुवटी उचलली की हात तिथल्या तिथं थांबणार, काहीही झालं तरी. म्हणजे सुरू करायचं का नाही, हे तिनं ठरवायचं.

रज्जाकभाई लांबून बघत होते. त्यांना राहवलं नाही. "घोडीला इचारायचं?"

"आता तरी इचारा," भाभी म्हणाल्या. काल आल्यापासून नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

हात गालावर. फट्. हात भुवईवर. तिनं मान उचलली, हात थांबला. आम्ही वाट बघितली. धुकं येत होतं, जात होतं, सोनकीवर माश्या गुणगुणत होत्या, आणि आम्ही तीन माणसं एका घोडीच्या हनुवटीची वाट बघत उभी. मला तर वेळ थांबल्यासारखाच वाटला. मग हळूच हनुवटी परत बांबूवर आली. बोट पापणीवर. फट्. पापणी किंचित वर. फट्. उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब. ती थरारली, मान उचलली. दहा-बारा श्वास गेले असतील. हनुवटी परत आली.

चार वाजता औषधाचा पहिला थेंब डोळ्यात गेला. मी डॉक्टरांना फोन लावला. तो लहूभाऊंनी माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, पडला थेंब.

त्यानंतर मी आठ दिवस राहिले. राहायचं कारण नव्हतं खरं तर. दिवसातून चार वेळा थेंब, मधे नाणेघाटापर्यंत चालून यायचं, तिथल्या जुन्या दगडी रांजणापाशी बसायचं, कोकणातून वर येणाऱ्या वाऱ्यात डोळे मिटायचे. वार कुठला ते विसरायला झालं. डाग रोज बघायचो. लहान होतोय असं एकाला वाटायचं, दुसऱ्याला वाटायचं आहे तसाच आहे.

रज्जाकभाईही रोज शेंगा फोडायचे. आधी लांबून दाणे टाकायचे. पाचव्या दिवशी तिनं त्यांच्या हातातून दाणा घेतला. पण ते बांबूपाशी आले की हनुवटी वर. एकदाही तिनं त्यांच्यासमोर ती टेकली नाही. ते हात मागं बांधून परत जायचे. डोळा बरा झाला तरी आता तिच्यावर आपला हक्क नाही, असं मला एकदा म्हणाले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

डॉक्टर आले तो दिवस

डॉक्टर सकाळी आले. बॅटरीनं डोळा बघितला. पाखरी बांबूवर हनुवटी ठेवून उभी होती, ते बघून त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी भाभींकडं बोट दाखवलं. जखम भरलीय, म्हणाले. पण डाग थोडा राहिलाय. त्याच्या आडून दिसतं का नाही, ते असं सांगता येणार नाही, बघावं लागेल.

बघायचं कसं, तर उजवा डोळा कापडानं झाकायचा आणि समोर लांब कुणीतरी हातात शेंग धरून उभं राहायचं. न फोडता. आवाज अजिबात नको. डॉक्टरांनी गवताचा चुरा उडवून वारा बघितला. वारा आमच्याकडून तिकडं जात होता, म्हणजे वासही येणार नव्हता. भाभींनी कापड धरलं होतं, मी दावं. लहूभाऊ खाचरात गेले होते. राहिले कोण?

"तुमीच जावा," भाभी म्हणाल्या.

रज्जाकभाई चपला काढून अनवाणी गेले, गवतात आवाज होऊ नये म्हणून. मोठं वळण घेऊन चढाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. हात आडवा पुढं केला, तळहातावर एक शेंग. धुकं विरळ होतं. सगळं इतकं शांत होतं की कापडाखाली पापणी हलल्याचंही मला जाणवत होतं. मी दावं सैल सोडलं.

पाखरी उभी राहिली. डावा कान पुढं, मग मागं. डावा डोळा पूर्ण उघडा, आणि त्यात तो छोटासा पांढरा ठिपका. मग तिनं मान त्या दिशेला केली आणि चालायला लागली. भाभी कापड धरून बरोबर चालत होत्या. वाटेत एक धोंडा होता, त्याला तिनं वळसा घातला. डॉक्टरांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तो दुखत होता.

ती रज्जाकभाईंपाशी पोचली. शेंगेला तोंड लावलं नाही. थोडी थांबली, आणि त्यांच्या पुढं केलेल्या हातावर, मनगटाच्या वर, तिनं आपली हनुवटी ठेवली.

शेंग फोडायला हवी होती, त्याच क्षणी. रज्जाकभाईंची बोटं शेंगेवर मिटली, पण ती त्यांना फुटेना. लोखंड वाकवणारा माणूस, एक शेंग फुटेना. त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही.

भाभींनी एक हात कापडावर ठेवला, दुसऱ्यानं ओढणीच्या गाठीतली शेंग काढली आणि दातांत धरून फोडली. फट्.

चार दाणे निघाले. दोन त्यांनी पाखरीला दिले, दोन नवऱ्याच्या हातावर ठेवले.